हिशेबाच्या अ‍ॅपची शास्त्रशुद्ध निवड

खर्चाचा हिशेब ठेवायचं मनावर घेतलंत, तर लगेच हिशेब ठेवायला लागू नका. आधी अ‍ॅप निवडा. ही पायरी जितकी लांबेल तितकी बरी. तेवढे दिवस खर्च बिनदिक्कत चालू राहतो आणि कुणी हटकलंच तर सांगता येतं, ‘त्याचंच बघतोय.’

सुरुवात स्क्रीनशॉटपासून करा. त्यात कुणाच्या तरी खर्चाचं गोल चित्र असतं, समजूतदार तुकड्यांचं, आणि बचतीचा तुकडा सगळ्यांत मोठा. ते पाहून अ‍ॅप पसंत करा. तो तुकडा अ‍ॅपसोबत मिळत नाही, हे नंतर कळेलच.

खर्चाचे प्रकार मात्र भरपूर हवेत. चाळीस तरी. ‘प्रवास’ आणि ‘वाहतूक’ यांत फरक काय, यावर एक अख्खी सुट्टी सत्कारणी लागते. पुढे महिनाअखेरीपर्यंत सगळं ‘इतर’मध्ये जमा होतं आणि चित्र एकरंगी दिसतं. डोळ्यांना तेच बरं.

रक्कम हातानं भरायला लावणारी अ‍ॅप्स टाळा. आकडा लिहायचा म्हणजे तो वाचावा लागतो, आणि वाचला की पुढची खरेदी करताना हात आखडतो. त्यापेक्षा बँकेचे एसएमएस वाचून आपोआप नोंद करणारं अ‍ॅप घ्या. गूगलनं २०१८ मध्ये एसएमएस वाचू पाहणाऱ्या अ‍ॅप्सवर निर्बंध जाहीर केले, पण पैशांचा हिशेब ठेवणाऱ्यांना त्यातून सवलत मिळू शकते. परवानगी देऊन टाका. ओटीपीही त्याच इनबॉक्समध्ये येतात, पण इतका संशय घेऊन जगता येत नाही.

आपोआप नोंदीचा खरा आनंद पुढे आहे. कार्डानं वस्तू घेतली, खर्च. महिन्यानं कार्डाचं बिल भरलं, पुन्हा खर्च. एटीएममधून रोकड काढली, खर्च. ती कुठे गेली हे तुम्ही इमानदारीनं लिहिलंत, की परत खर्च. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात पैसे टाकले, तर इकडे खर्च आणि तिकडे उत्पन्न. नको असलेली वस्तू परत केली की आलेले पैसेही उत्पन्नात. म्हणजे महिनाभर वस्तू मागवून परत करत राहिलात, तर कमाई चांगलीच वाढते. लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूनं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात जमा-नावेची दुहेरी नोंद नीट समजावून ठेवली आहे. प्रत्येक रक्कम कुठून निघाली आणि कुठे पोचली, दोन्ही लिहायचं. मग असा घोळ होत नाही. पण पाचोलींकडे डार्क मोड नव्हता.

(हे व्यवहार ‘ट्रान्स्फर’ म्हणून दाखवायची सोय बऱ्याच अ‍ॅप्समध्ये असते. ती शोधू नका. शोधलीत तर खरा आकडा दिसेल.)

फुकट की विकतचं? फुकट घ्या. ‘या महिन्यात खर्च जास्त झाला’ असा इशारा आणि त्याच्याच खाली नव्या क्रेडिट कार्डाची शिफारस, असा निःपक्षपाती सल्ला विकतच्या अ‍ॅपमध्ये सहसा मिळत नाही. अमेरिकेतलं मिंट हे फुकट अ‍ॅप अशाच शिफारशींच्या मोबदल्यावर चालायचं. २००७ मध्ये ते सुरू झालं, २००९ मध्ये इंट्यूइट या सॉफ्टवेअर कंपनीनं ते सुमारे १७ कोटी डॉलरना विकत घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये बंद केलं. लोकांचे खर्च सांभाळणाऱ्या अ‍ॅपला स्वतःचं दुकान मिटावं लागलं, याचा तुमच्या निवडीशी काही संबंध नाही. त्यामुळे नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे दुसरीकडेही उघडेल अशा साध्या तक्त्यात, बाहेर काढता येतात का, हे आधी बघण्याचा करंटेपणा करू नका. अ‍ॅपसोबत जुने हिशेबही गेले, तर मन किती हलकं होतं!

विकतचंच घ्यायचं असेल तर वर्षभराची वर्गणी एकदम भरा. कंटाळा आला की आयकॉन दाबून धरून अ‍ॅप काढून टाका. वर्गणी त्यानं बंद होत नाही. ती स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. पण तोवर तुम्ही दुसरं अ‍ॅप घेतलेलं असेल, आणि वर्षानं ती रक्कम पुन्हा कापली गेली की नवं अ‍ॅप ती तत्परतेनं टिपून घेईल. ‘इतर’मध्ये.