‘तीन दिवसांत दारू सोडवा, गटबिट विसरा’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस हा मेसेज फिरतोय. खाली हात जोडलेले आणि पाच जणांना पाठवायची विनंती. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: सपोर्ट ग्रुप म्हणजे दारुड्यांनी दारुड्यांपुढे रडायचं, तिथे नाव जगजाहीर होतं, पैसे उकळतात, देवाच्या नादी लावतात. त्यापेक्षा माणसाला तीन दिवस खोलीत कोंडा, थेंब देऊ नका आणि जेवणातून गुपचूप ‘दारू सोडवायची पावडर’ द्या. हा मेसेज माझ्या मावशीला आला. मावसभाऊ कसाबसा अशा गटाच्या मीटिंगला जायला तयार झाला होता, तर तिनेच त्याला थांबवलं. म्हणून लिहायला बसले, नाहीतर असल्या मेसेजना उत्तर देण्यात मला रस नाही.

कोंडण्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं चुकीचं आहे, हे जिवावर बेतणारं आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. ती एकदम काढून घेतली की सगळी यंत्रणा उसळते. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते ४८ तासांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना डी.टी. होतो, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स: भान सुटतं, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, ठोके वाढतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणजे मेसेजवाला ज्या तीन दिवसांत कडी लावायला सांगतोय, तेच दिवस सगळ्यात धोक्याचे! आत माणूस ओरडत असेल आणि बाहेर घरचे म्हणत असतील, नाटक करतोय, उघडू नका.

हे प्रत्येकाला होत नाही, हे खरं. पण कुणाला होईल ते फॉरवर्ड करणाऱ्याला कळत नाही. पूर्वी सोडताना फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, तर घरी प्रयोग करूच नका. डॉक्टर काही दिवस औषध देऊन ते हळूहळू उतरवत आणतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. गट हे काम करत नाही आणि करतो असं म्हणतही नाही. गट लागतो तो पुढच्या महिन्या-वर्षांसाठी.

आता ती पावडर. तिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधडतं, रक्तदाब कोसळू शकतो. त्याचा उपयोगच असा, की माणसाला माहीत असतं आणि म्हणून तो पीत नाही. न सांगता दिलंत तर तो नेहमीसारखा पिणार. आणि मग?

‘नुसतं रडगाणं, उपयोग शून्य’ याला एकच उत्तर पुरे. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए (दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट), आणि लोकांना एएकडे वळवणारे उपचार यांवरचे २७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत १०,५६५ माणसं होती. वर्षभरानंतर दारूपासून पूर्ण लांब राहिलेले एएच्या बाजूला सुमारे ४२ टक्के, इतर उपचारांच्या बाजूला सुमारे ३५. चमत्कार नाही. पण शून्यही नाही, आणि ही तुलना कशाशी, तर प्रशिक्षित लोकांनी दिलेल्या उपचारांशी.

पैशांचं म्हणाल, तर मेसेजवाल्याने व्यसनमुक्ती केंद्र आणि गट यांची गल्लत केलीय. केंद्रात भरती व्हायचं असतं, फी असू शकते. एएला फी नाही; सभासद स्वेच्छेने काही टाकतात, बाहेरच्या देणग्या घेत नाहीत. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. पूर्ण नावही सांगावं लागत नाही.

देवाचा मुद्दा मात्र अर्धा खरा, नाइलाजाने मान्य करते. दारू सोडण्यासाठी एए ज्या बारा पायऱ्या सांगतं, त्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, ‘आपल्याला उमजेल तसा’ अशी पुस्ती जोडून. काहींना तेही पचत नाही. त्यांच्यासाठी १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी नावाचे गट आहेत, तिथे देव नाही, विचार आणि सवयी बदलायची तंत्रं आहेत. गटाशिवाय सोडणारेही पुष्कळ असतात, तेही खरंच. पण त्यावरून जाऊ पाहणाऱ्याला अडवायचं कशाला?

राहिला गट शोधायचा प्रश्न. एएच्या संकेतस्थळावर मीटिंगची यादी आणि फोन असतो. रुग्णालयाच्या मानसोपचार विभागालाही विचारता येतं. ओपन मीटिंगला घरचेही बसू शकतात, क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. घरच्यांचा वेगळा गट १९५१ पासून आहे, अल-अनॉन. पिणारा तयार नसला तरी तिथे आपण जाऊ शकतो. एक मीटिंग रुचली नाही तर दुसरी बघा, प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो. फोनवर एवढंच विचारा: मीटिंग ओपन की क्लोज्ड, कोणत्या भाषेत, किती वाजता. आणि रोज पिणारा माणूस एकदम सोडणार असेल, तर त्याआधी डॉक्टरची वेळ घ्या.