रोहिणी हट्टंगडी ‘वाया गेल्या’ म्हणणाऱ्यांना सांगलीहून उत्तर

सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. आमच्या सांगलीतल्या नाटकवेड्यांच्या ग्रुपवरही तो आला आणि खाली पटापट अंगठे पडले. त्याचा आशय असा: रोहिणी हट्टंगडींना ‘गांधी’ मिळाला, त्यावर ऑस्कर मिळालं, ती सगळी त्या एका सिनेमाची पुण्याई. पुढे हिंदीत रडक्या आया, मराठीत सासू. नाटकाकडे पाठ फिरवली आणि गुणी नटी वाया गेली. दुसऱ्या कुठल्या गावात हे पुढे ढकललं गेलं असतं तर सोडून दिलं असतं. पण सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ऑस्करचं आधी उरकतो. रोहिणीताईंना मिळालं ते बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार. 1983 साली सहायक अभिनेत्रीसाठीचा तो पुरस्कार त्यांना आणि अमेरिकेच्या मॉरीन स्टेपलटन यांना विभागून दिला गेला. ‘गांधी’साठी ऑस्कर घेणारी मराठी बाई वेगळी, वेशभूषाकार भानू अथैया, आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या. दोघींचं श्रेय एकीच्या नावावर टाकलं की दोघींवरही अन्याय होतो.

आता पुण्याई. ‘गांधी’ 1982चा. त्याआधी ही पुण्याची ओकांची मुलगी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली तीन वर्षं घासून निघाली होती. 1974 साली बाहेर पडताना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि सर्वोत्कृष्ट अष्टपैलू विद्यार्थी हे दोन्ही मान तिच्याकडे होते. 1978 पासून सईद मिर्झांच्या सिनेमांत ती दिसत होती. कस्तुरबांची भूमिका तिच्या पदरात पडली ती या तयारीमुळे. संडास साफ करायला कस्तुरबा नकार देतात आणि गांधी त्यांना ओढत दाराशी नेतात, तो प्रसंग पुन्हा पाहा. संताप, अपमान आणि क्षणभरानं नवऱ्याबद्दल वाटणारी कणव, सगळं त्या चेहऱ्यावर एकामागून एक येतं. तिशीच्या आतबाहेरची ही नटी त्याच सिनेमात आगाखान पॅलेसमधली मृत्युशय्येवरची म्हातारीही झाली आहे. दैवाने संधी मिळते, मान्य. हे जमतं ते रियाजाने.

‘रडक्या आया’ हा आरोप मला सर्वांत जास्त लागला. 1982 ते 1984 एवढ्याच काळातल्या तीन बायका शेजारी ठेवून बघा. ‘अर्थ’मधली मोलकरीण मुलीच्या शाळेसाठी पै-पै साठवते, दारुडा नवरा ते पैसे उडवतो आणि ती त्याचा जीव घेते. पदर खोचून घरभर वावरणारी, बोलता बोलता हसणारी ही बाई एके दिवशी खून करेल असं वाटत नाही, आणि केल्यावर मात्र दुसरं काही झालंच नसतं असं वाटतं. ‘पार्टी’त नाटककाराच्या सावलीत विझलेली, दारूत बुडालेली नटी आहे. या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्वतः रंगमंचावर उभ्या असताना रंगमंच हरवलेल्या बाईचं दुःख इतकं नागडं दाखवायचं, याला धैर्य लागतं. आणि ‘सारांश’मध्ये मुलगा गमावलेली पार्वती आहे. ही आईच, पण रडकी नव्हे. भाडेकरू मुलीच्या पोटी आपलाच अजय परत येणार, या समजुतीला ती अशी घट्ट धरून बसते की बघणाऱ्याला तिची भीती वाटू लागते. मोलकरीण, नटी आणि म्हातारी, तिघींची चाल वेगळी, बोलण्याची पट्टी वेगळी, नजरसुद्धा वेगळी.

पुढे ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, वयानं त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान असताना! तिथंही ती आई मुलाच्या पापाच्या पैशापुढे मान तुकवत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी ‘चालबाज’मध्ये नायिकेला छळणारी अंबा त्यांनीच केली होती, आणि तिच्या दुष्टपणावर लोक खदखदून हसले होते. या सगळ्याला ‘आईच्या भूमिका’ असं एकच लेबल लावायचं म्हणजे सिनेमे न बघताच बोलायचं.

मालिकेबद्दल मी वाद घालणार नाही. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली आणि कथा कितीदा तरी ताणली गेली, हे आईच्या शेजारी बसून मीही सोसलं आहे. पण दोष लेखनाचा. रोज पानं हातात पडत असताना त्यातली सासू आशा देशमुख दहा वर्षं तोल न जाऊ देता उभी ठेवली, ते श्रेय नटीचं.

राहिली ‘नाटकाकडे पाठ’. दिल्लीहून आल्यावर नवरा आणि दिग्दर्शक जयदेव हट्टंगडींसोबत त्यांनी ‘चांगुणा’ केलं, मुलासाठी तळमळणाऱ्या बाईचं, लोर्काच्या नाटकावरून मराठीत आणलेलं. ग्रीक कथेवरचं ‘मीडिया’ केलं. ‘अपराजिता’ तर एकटीनं पेललं. एकपात्री प्रयोगात विंगेतून कुणी धावून येत नाही, हे ज्यानं तोंडाला एकदा तरी रंग लावलाय त्याला सांगावं लागत नाही.

आणि एक गोष्ट सांगलीकरांनी तरी विसरू नये. नाट्य विद्यालयात असताना त्यांनी जपानचं काबुकी केलं आणि कर्नाटकचं यक्षगानही, शिवराम कारंतांच्या मार्गदर्शनाखाली. दोन्ही नृत्यनाट्याच्या परंपरा, शतकानुशतकं पुरुषांच्या. आता आपलीच कहाणी आठवा. कर्नाटकातल्या कर्कीची भागवत मंडळी 1842 साली सांगलीत यक्षगानाच्या धर्तीचे खेळ करून गेली, ते पाहून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत असे खेळ करायला सांगितलं आणि 1843 साली ‘सीतास्वयंवर’ झालं. त्या प्रयोगात सीतासुद्धा पुरुषच होता. म्हणजे आपलं नाटक ज्या झऱ्यातून निघालं, त्याचं पाणी ही बाई स्वतः पिऊन आली होती, आणि तेही बायकांना जिथं पाय ठेवू देत नसत तिथं जाऊन.

भाव्यांच्या नावाचं गौरवपदक सांगली दरवर्षी रंगभूमी दिनाला, 5 नोव्हेंबरला, नाटकातल्या मोठ्या माणसाला देते. पहिलं बालगंधर्वांना दिलं होतं. 2019 साली ते रोहिणीताईंना दिलं.