मेस्त्रीला पार्टचं नाव सांगू नका

दिवाळीच्या आधी मी माझ्या गाडीच्या चाकाचं एक धडधाकट बेरिंग (चाक ज्यावर फिरतं ते कडं) काढून फेकलं आणि वर त्याचे पैसेही दिले. मेस्त्रींनी फसवलं नाही, पार्ट डुप्लिकेट नव्हता, कामही नेटकं झालं. चूक माझी होती आणि ती एका वाक्यात झाली. "मेस्त्री, पुढचं डावं बेरिंग गेलंय, बदलून टाका."

त्यांनी टाकलं बदलून.

गाडी २००७ ची आहे, पेट्रोलवरची, छोटी. नाव लिहीत नाही, कारण यात तिच्या कंपनीचा काडीचा दोष नाही. २०२२ मध्ये तिची पंधरा वर्षं भरली. त्याच एप्रिलपासून जुन्या खासगी गाडीच्या पुनर्नोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती, ती मुकाट भरून मी तिला आणखी पाच वर्षं मिळवून दिली. तेव्हापासून ती जरा शिंकली तरी घरीदारी एकच सल्ला मिळतो, "विका आता ती." त्यामुळे आवाज आला की मला आधी लपवावासा वाटतो, मग घाईघाईने मिटवावासा वाटतो. या घाईतच बेरिंग गेलं.

आवाज सुरू झाला गणपतीनंतर. गुहागरहून चिपळूणला जाताना पस्तीस-चाळीसचा वेग आला की पुढून डावीकडून घूंऽऽ असा सूर लागायचा. वेग वाढला की सूर चढायचा, कमी केला की उतरायचा. आई मागे बसली होती, ती म्हणाली, "गाडीत भुंगा शिरलाय काय रे?" मी रात्री मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले. वेगाबरोबर चढणारा आवाज म्हणजे व्हील बेरिंग, असं तिघांनीही ठणकावून सांगितलं. मी शाळेत गणित शिकवतो. नुसतं उत्तर लिहून आणणाऱ्या पोराला "रीत कुठाय?" म्हणून परत पाठवणारा मी, पण दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन गॅरेजात गेलो.

आमच्यासारख्या गाड्यांत पुढचं बेरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी तुकड्यात, दाबून बसवलेलं असतं. ते काढायचं तर चाक, ब्रेक, एक्सल (चाक फिरवणारा दांडा) सगळं सुटं करून नकल दाब देणाऱ्या प्रेसखाली घ्यावा लागतो. प्रेस लहान गावातल्या गॅरेजात नसतो, म्हणून काम चिपळूणला. अख्खा दिवस आणि अडीच-पावणेतीन हजार रुपये गेले. संध्याकाळी परत निघालो तर बहादूरशेख नाक्याच्या पुढे आलो नाही तोच घूंऽऽ. तसाच. एक सूरही इकडचा तिकडे नाही.

आता इथे मी दुसरं बेरिंगही बदलणार होतो, हे कबूल करतो. आवाज डावीकडून वाटतो पण खरा उजवीकडून येत असेल, असंही एका व्हिडिओत होतं. वाचवलं आमच्या वाडीतल्या काकांनी. एसटीत तीसेक वर्षं स्टेअरिंगवर काढलेला माणूस. अंगणात गाडी उभी करून मी तक्रार सांगायला लागलो तर मध्येच थांबवून म्हणाले, "पार्टचा नाव नको सांगू. आवाज कधी येतो ता सांग."

मला सांगता येईना! रोज त्याच गाडीत बसतो, दीड महिना तो आवाज ऐकतोय, आणि वळणावर वाढतो का, ब्रेक दाबल्यावर थांबतो का, गाडी न्यूट्रलला टाकल्यावर काय होतं, यातलं एकही मला ठाऊक नव्हतं. मी आवाज ऐकलाच नव्हता. आवाजाला घाबरलो होतो, एवढंच.

काका गाडीत बसले, तेही मागच्या सीटवर. त्यांचं म्हणणं, पुढे बसणाऱ्याला सगळे आवाज पुढूनच येतात असं वाटतं. पत्र्यातून आवाज फिरतो आणि कानाला फसवतो. मग आम्ही निघालो. सपाटीवर, मागेपुढे कोणी नसताना, पन्नासच्या वेगात गाडी न्यूट्रलला टाकली. (घाटात, उतारावर हे करू नका. ब्रेकला इंजिनाचा आधार हवा असतो.) सूर तसाच राहिला. म्हणजे इंजिन, क्लच संशयातून सुटले, आवाज फिरणाऱ्या चाकाकडचाच. ब्रेक हलका दाबला, फरक नाही. म्हणजे आवाज ब्रेक पॅडचा नसावा. पॅड झिजले की त्यातली पत्र्याची पट्टी डिस्कला लागून किंचाळते आणि बहुतेक वेळा ब्रेक दाबला की तिचा आवाज बदलतो.

मग वळणं. वळणांना आपल्याकडे तोटा नाही. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकावर येतो. डावं बेरिंग खराब असेल तर तिथे त्याने ओरडायला हवं आणि डावीकडे वळताना जरा गप्प व्हायला हवं. माझा भुंगा दोन्हीकडे सारखाच गात होता. बेरिंग नाही, हे या एका परीक्षेत जवळजवळ कळलं असतं. खर्च शून्य रुपये. माझे अडीच हजार आधीच गेले होते.

पुढची गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत दिसली नव्हती. काका म्हणाले, "रस्ता बदलला की आवाज बदलतो काय?" मी चटकन हो म्हणालो, कारण हे मला माहीत होतं, फक्त त्याचा अर्थ माहीत नव्हता. चिपळूणच्या पुढे सावर्ड्याकडे महामार्गाच्या काँक्रीटवर भुंगा गरजायचा आणि आतल्या गावच्या नव्या गुळगुळीत डांबरावर जवळजवळ गायब व्हायचा. बेरिंगला खाली डांबर आहे की काँक्रीट, याचं काय? ते आपलं आतल्या आत फिरतं. रस्ता ओळखतो तो टायर.

काँक्रीटवर कुठलाही टायर थोडा जास्त वाजतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल लावता येत नाही. निकाल लावला स्टेपनीने. पुढचं डावं चाक काढून तिथे स्टेपनी लावली आणि शृंगारतळीपर्यंत जाऊन आलो. भुंगा नाही. काढलेलं चाक मागे डावीकडे लावलं, पुन्हा गेलो. भुंगा मागे. अर्ध्या तासाचं काम, एक जॅक आणि एक पाना. (जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, चाकांना दगड लावल्याशिवाय जॅक चढवायचा नाही. आमच्या अंगणाला उतार आहे, म्हणून दोन चिरे लावले.)

मग काकांनी माझा हात धरून टायरवरून फिरवला. एका दिशेने हात सरकत गेला, उलट फिरवला तर करवतीचे दात लागले. आतल्या कडेला, जिथे वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही तिथे, नक्षीचे ठोकळे तिरके झिजले होते. ते दात रस्त्यावर एकामागून एक आपटतात आणि त्याचा सूर बेरिंगसारखाच लागतो, वेगाबरोबर चढणारा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, तेही तेव्हाच पाहिले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझे होते २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर वयाने कडक झालं होतं, म्हणून आवाज आणखी मोठा.

पण टायर उगाच तिरका झिजत नाही, आणि तोही फक्त डावा. इथे मला आमच्या रस्त्यांबद्दल बोलायचंय. किनाऱ्याकडचे आमचे बरेच रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे. समोरून एसटी आली की डावी चाकं खाली साइडपट्टीवर घ्यायची. पावसाळ्यात साइडपट्टीची माती वाहून जाते आणि डांबराच्या कडेला वीतभर पायरी तयार होते. उतरताना धप्प, चढताना धाड. गणपतीत मुंबईकरांच्या गाड्यांची रांग असते तेव्हा हेदवी, वेळणेश्वरकडे हे दिवसातून वीस वेळा होतं. प्रत्येक धक्का आधी पुढचं डावं चाक खातं. माझा लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश त्यात फाटला होता. टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म हलवल्यावर मेस्त्रींना तो लगेच दिसला. बुश सैल झाला की चाक सरळ उभं राहत नाही, चालताना किंचित फेंगडं होतं आणि टायर घासतो. नुसती अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणणं, केली असती तर आठ दिवसांत पुन्हा बिघडली असती. नुसते टायर बदलले असते तर नवे टायर खाल्ले असते. दोन्हीकडचे बुश, मग अलाइनमेंट, असं केलं. ते सगळं मिळून बेरिंगच्या कामापेक्षा कमी पैशात झालं, हे लिहितानाही त्रास होतो.

माझं मत असं झालंय की गॅरेजवाल्यांना आपण उगाच 'बदलून बघू' पंथाचे म्हणतो. बदलून बघायला आपणच लावतो. किल्ली हातात देतो, "आवाज येतो" किंवा "बेरिंग गेलंय" म्हणतो आणि संध्याकाळी न्यायला येतो. मेस्त्री गाडी गल्लीत एक फेरी मारून बघणार, तिथे पन्नासचा वेग येतच नाही. तो आवाज कुठल्या रस्त्याला, कुठल्या वळणाला येतो हे फक्त रोज चालवणाऱ्याला माहीत असतं. डॉक्टरकडे जाऊन आपण "अपेंडिक्स काढा" म्हणत नाही, पोट कधी दुखतं ते सांगतो.

बरं, बेरिंग कधीच जात नाही असंही कोणी समजू नये. खरंच गेलं असेल तर चालढकल करू नका, चाकाला खेळ येतो आणि पुढे जिवावरचं असतं. जॅकवर चाक वर-खाली धरून हलवा, खटखट लागली तर बेरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाखालचा गोळ्याचा सांधा). डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खेळ लागला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) बघायला सांगा. चाक हाताने फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला तर खराब बेरिंगची खरखर बोटांना कळते.

पूर्ण वळवून गाडी काढताना कट-कट-कट वाजलं तर तो एक्सलचा जॉइंट. याचं आपल्याकडे कारण लाल माती. जॉइंटवरचं रबरी बूट चिरलं की ग्रीस बाहेर उडतं, आत जांभ्याची बारीक धूळ जाते आणि ग्रीसचं पॉलिश पेपर होतं. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर वाट बघू नका. बूट स्वस्त असतं, एक्सल नसतो.

आणि जुलैत तीन दिवस उभ्या गाडीने सकाळी खर्र केलं तर घाबरू नका, डिस्कवर गंज धरलेला असतो, चार ब्रेकमध्ये जातो. तो नाही गेला आणि एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असेल तर मात्र कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्यात का बघा. धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीत चढताना भरतीचं पाणी चाकांवर उडतं, खारी हवा तर बारा महिने असतेच. मी आता फेरीतून दाभोळला जाऊन आलो की चाकांवर गोड्या पाण्याचा पाइप मारतो. बायको हसते.

मेस्त्रींकडे परत गेलो तेव्हा वहीचं पान घेऊन गेलो होतो. कधी येतो, कधी जातो, कुठल्या रस्त्याला, सगळं लिहून. त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "हे गेल्या वेळीच सांगितलं असतंत तर." मी काही बोललो नाही.

दातेरी टायर अजून मागेच आहे, मे महिन्यापर्यंत चालेल. आई हल्ली पुढे बसते. मागे भुंगा आहे म्हणते.