सोलरच्या कचऱ्याची भीती आणि कोळशाच्या राखेचा हिशोब

गच्चीवर सोलर बसवायचा विषय सोसायटीच्या ग्रुपवर निघाला, की एक मेसेज हमखास येऊन पडतो. त्याचा सारांश असा : पॅनेल बनवायला जेवढी वीज जाते तेवढी ते जन्मात परत देत नाही, वादळात स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात तो सांगाडा, उडून जातं, पॅनेलमध्ये विषारी धातू असतात, आणि २५ वर्षांनी हा सगळा कचरा शहराच्या उरावर बसणार, कारण त्याचा पुनर्वापर होतच नाही. या मेसेजपायी चांगले प्रस्ताव बैठकीतच बारगळतात, म्हणून त्याला मुद्द्याला मुद्दा उत्तर द्यायला हवं.

विजेचा मुद्दा सर्वांत कच्चा आहे. सिलिकॉनच्या चकत्या जाड आणि कार्यक्षमता कमी होती, त्या काळातली ही शंका आहे. आजचं सिलिकॉन पॅनेल स्वतःच्या निर्मितीला लागलेली ऊर्जा साधारण वर्षभरात फेडतं. आपल्याकडच्या उन्हात त्याहूनही लवकर. पुढची दोन-अडीच दशकं निव्वळ नफ्याची.

स्ट्रक्चरचं तसं नाही. तिथे भीतीला आधार आहे. एप्रिल २०२४मध्ये मध्य प्रदेशात ओंकारेश्वर जलाशयावरच्या तरंगत्या प्रकल्पातले पॅनेल वादळाने विस्कटले. त्याचे व्हिडिओ या मेसेजसोबत अजून फिरतात. पण पाण्यावर तरंगणारी रचना आणि स्लॅबला जखडलेला सांगाडा यांचं गणित वेगळं. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या मानकाचा तिसरा भाग आहे. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. पुण्यासाठी ३९ मीटर. इमारत उंच असेल तर भार आणखी वाढतो, आणि गच्चीच्या कडांना व कोपऱ्यांना वारा पॅनेल सर्वांत जोरात वर उचलतो. हे सगळं मोजून उभारलेलं स्ट्रक्चर टिकतं. उडतात ती बहुधा स्वस्तात उरकलेली कामं : पातळ पत्र्याचे पाय, जस्ताचा पुरेसा लेप नसलेलं आणि कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंजलेलं लोखंड, नुसत्या विटांच्या वजनावर सोडलेले सांगाडे. कोटेशन घेताना वाऱ्याच्या भाराची आकडेमोड आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही मागा. देत नसेल त्याला काम देऊ नका.

आता विषाचा मुद्दा. घरांवर बसतात ती पॅनेल बहुतांशी सिलिकॉनची. त्यांच्या वजनात जवळपास तीन चतुर्थांश वाटा काचेचा. मग अॅल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिकचे थर, थोडं सिलिकॉन, तांबं आणि नावापुरती चांदी. जोडणीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, हे खरं. धड पॅनेलमध्ये ते काचेआड बंद असतं. फुटलेलं पॅनेल पावसात पडून राहिलं तर शिसं पाझरू शकतं. मेसेजमध्ये ज्या कॅडमियमचा धाक घालतात, ते वेगळ्या, पातळ थराच्या पॅनेलमध्ये असतं.

आणि कचऱ्याचा डोंगर? तीन किलोवॉटच्या घरगुती संचाचं उदाहरण घेऊ. सहा पॅनेल, वजन मिळून दीडशे-पावणेदोनशे किलो. २५ वर्षांत ती सुमारे एक लाख युनिट वीज देतात. तेवढीच वीज कोळशावर करायची तर ६५ ते ७० टन कोळसा लागतो, आणि आपला कोळसा राखेने भरलेला असल्याने मागे वीसेक टन राख उरते. देशात अशी राख दरवर्षी २५ कोटी टनांहून जास्त निघते. नागपूरजवळच्या कोराडी, खापरखेड्याच्या लोकांना ती वेगळी सांगावी लागत नाही. जुलै २०२२मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, ओढ्या-नद्यांत गेला. या राखेवर असा मेसेज कुणी लिहिल्याचं दिसत नाही, याचा मला राग येतो.

पुनर्वापर होतच नाही, हेही चूक. युरोपीय संघाने २०१२मध्येच पॅनेल ई-कचऱ्याच्या कायद्यात आणली. फ्रान्समध्ये रुसे इथे २०१८मध्ये पॅनेल सुटी करून त्यांचं बहुतेक सगळं वजन परत मिळवणारा कारखाना सुरू झाला. भारतातही ई-कचरा नियम २०२२ पॅनेलना लागू आहेत : उत्पादकांनी नोंदणी करायची आणि टाकाऊ पॅनेल २०३४-३५पर्यंत नियमानुसार साठवून ठेवायची.

खरी फट इथे आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती दिसलेली नाही. नियम उत्पादकापाशी सुरू होतो, पण फुटलेलं पॅनेल असतं चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत. घंटागाडी ते घेत नाही. भंगारवाला अॅल्युमिनियमची चौकट आणि वायर काढून घेतो, कारण पैसे त्यातच आहेत. काच, सिलिकॉन आणि प्लॅस्टिक एकमेकांना असे घट्ट चिकटलेले असतात की ते सोडवणं त्याला परवडत नाही. उरलेला तुकडा नाल्यात नाहीतर डम्पिंग ग्राउंडवर जातो. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं लक्ष्य एक कोटी घरांचं आहे. एवढ्या गच्च्यांवरून पॅनेल खाली कोण उतरवणार, कुठे ठेवणार, कारखान्यापर्यंत नेण्याचं भाडं कोण भरणार, हे महापालिकांनी आत्ताच ठरवायला हवं. प्रभागात सुका कचरा वेगळा करण्याची जागा असतेच. तिथे छप्पर असलेला एक कोपरा आणि भंगार व्यावसायिकांना चौकटीबरोबर काचही परत आणण्याचा मोबदला, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. सोसायट्यांनी तोवर करारात एक कलम घालून घ्यावं : खराब पॅनेल कंपनीने स्वखर्चाने परत न्यायचं.