व्हायोला डेव्हिसची ती आठ मिनिटं

अमेरिकन अभिनेत्री व्हायोला डेव्हिसबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. 'डाउट' या सिनेमातल्या आठ मिनिटांनी तिचं नशीब फळफळलं, तोवर तिला कुणी ओळखत नव्हतं. पुढे मोलकरणीच्या भूमिका आणि कातडीचा रंग यांवर पुरस्कार मिळत गेले, असा त्याचा सूर. वाचलं की राग येतो. एका बाईची सगळी मेहनत तीन ओळींत पुसून टाकली जाते.

'कुणी ओळखत नव्हतं' हे आधी घेऊ. 'डाउट' २००८चा. त्याच्या सात वर्षं आधी नाटककार ऑगस्ट विल्सनच्या 'किंग हेडली द सेकंड' या नाटकासाठी तिला टोनी, म्हणजे अमेरिकन रंगभूमीवरचा मोठा पुरस्कार, मिळालं होतं. त्यातली टोन्या पोटातलं मूल वाढवायला नकार देते. अशा जगात आणखी एक जीव कशाला आणू, असं नवऱ्याला सुनावते. त्याही आधी, १९९६मध्ये, विल्सनच्याच 'सेव्हन गिटार्स'मधून ती ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, पहिल्यांदा आली आणि पहिल्याच फटक्यात टोनीचं नामांकन मिळालं. ओळखत नव्हतो ते आपण. न्यूयॉर्कचा नाटकाचा प्रेक्षक तिला चांगला ओळखून होता.

आता ती आठ मिनिटं. गार वाऱ्यात रस्त्यावरून चालणं, समोर मुख्याध्यापिका झालेली मेरिल स्ट्रीप. पाद्र्याची तुमच्या मुलावर वाईट नजर आहे, असा संशय मुख्याध्यापिका बोलून दाखवते. आईचं, म्हणजे व्हायोलाचं, म्हणणं एकच: जूनपर्यंत, शाळेचं वर्ष संपेपर्यंत, त्याला शाळेत राहू द्या. डोळे वाहतायत, नाक वाहतंय, तरी बोलणं तुटत नाही. हे नशिबाने येत नाही. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संस्थेतलं अभिनयाचं शिक्षण आणि त्यानंतर रंगमंचावर घालवलेली वर्षं त्यामागे आहेत.

मोलकरीण म्हणाल, तर 'द हेल्प'. त्या सिनेमात मोलकरणींचाच आवाज पुरेसा ऐकू आला नाही, ही खंत खुद्द तिनेच २०१८मध्ये बोलून दाखवली. पण 'हाउ टु गेट अवे विथ मर्डर' या मालिकेतली वकील ॲनालीज कुठे गेली? रात्री आरशासमोर बसून ती विग उतरवते, खोट्या पापण्या काढते, चेहऱ्यावरचा रंग पुसते. मालिकेची नायिका इतक्या उघड्या चेहऱ्याने मी त्याआधी पाहिली नव्हती.

याच भूमिकेसाठी २०१५मध्ये तिला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. तो सदुसष्टावा सोहळा होता, आणि नाट्यमय मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार त्याआधी एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला मिळाला नव्हता. रंगावर पुरस्कार मिळत असते तर इतका उशीर झाला असता का?

ऑस्कर आलं २०१७मध्ये, विल्सनच्याच नाटकावरच्या 'फेन्सेस' या सिनेमातल्या रोझसाठी. दुसऱ्या बाईला आपल्यापासून दिवस गेलेत, असं नवरा घराच्या परसात तिला सांगतो. अठरा वर्षं मीही तुझ्यासोबत याच जागी उभी होते, असं ती त्याला ऐकवते. हे शब्द कॅमेऱ्यासमोर येण्याआधी, २०१०मध्ये, ब्रॉडवेवर प्रयोगामागून प्रयोग तिने सिनेमात नवरा झालेल्या डेन्झेल वॉशिंग्टनसमोरच म्हटले होते, आणि त्या रोझसाठी दुसरं टोनीही घेतलं होतं.