कबुली दिली म्हणून अपील नाही?

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर गेले काही आठवडे एकच वाद चालू आहे. पतसंस्थेचा एक पिग्मी एजंट, दारोदार फिरून रोजची रक्कम गोळा करणारा. काही वर्षांपूर्वी हिशेबात तूट निघाली. विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला आणि त्याने कोर्टात तो कबूल केला. कोर्ट उठेपर्यंत कैद झाली, दंड झाला. तूट भरायला भावाने हापूसची कलमं कराराने दिली. आता संस्थेचं ऑफिस हलवताना दुसऱ्याच फाइलमध्ये भरणा पावत्यांचा गठ्ठा सापडलाय, कॅशियरच्या सह्यांसकट, म्हणजे पैसे त्याने संस्थेत भरले होते असं दिसतं. दोषी ठरवणारा निकाल रद्द व्हावा म्हणून त्याला वर जायचंय. ग्रुपवरचं बहुमत म्हणतं, "स्वतःच्या तोंडाने कबूल केलं ना? मग आता कसली दाद?"

मी इंग्लंडमध्ये राहते, आणि हाच प्रश्न इथे एका अख्ख्या पिढीच्या आयुष्यावरून गेलेला पाहिलाय. इथल्या खेड्यातलं पोस्ट म्हणजे बहुतेकदा किराणा दुकानातला एक काउंटर. तो चालवणाऱ्याला पेन्शनवाली म्हातारी माणसं नावानिशी ओळखतात. मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर घरं चालत होती तेव्हा आपल्याकडच्या पोस्टमास्तरला जो मान होता, साधारण तसाच. १९९९ पासून या काउंटरांवर होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली गेली. ती तूट दाखवायची आणि ती भरून द्यायची जबाबदारी चालवणाऱ्याची. पुढच्या सोळा-सतरा वर्षांत नऊशेहून जास्त लोकांवर खटले होऊन शिक्षा झाल्या. त्यातल्या कितीतरी जणांनी गुन्हा कबूल केला होता.

जो हॅमिल्टन यांचं प्रकरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. हॅम्पशायरमधल्या एका छोट्या गावात त्या दुकान आणि पोस्ट चालवायच्या. प्रणालीने ३६,००० पौंडांची तूट दाखवली. आरोप चोरीचा होता, म्हणजे तुरुंग समोर दिसत होता. खोटे हिशेब लिहिल्याचं कबूल केलं तर चोरीचा आरोप मागे घेऊ, असं ठरलं. त्यांनी कबूल केलं आणि २००८ मध्ये शिक्षा झाली. पैसे भरायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली. दोष प्रणालीचा होता, हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालात स्पष्ट झालं, आणि २३ एप्रिल २०२१ रोजी कोर्ट ऑफ अपीलने एकाच दिवशी ३९ जणांना दोषी ठरवणारे निकाल रद्द केले. हॅमिल्टन त्यांत होत्या. तुम्ही कबूल केलं होतं म्हणून आम्ही ऐकणार नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. उरलेल्यांसाठी संसदेने मे २०२४ मध्ये थेट कायदाच केला, आणि त्यातही कबुली दिलेल्यांना वगळलं नाही.

ही प्रकरणं न्यायालयापुढे परत आली ती १९९७ पासून काम करणाऱ्या एका स्वतंत्र आयोगामुळे. शिक्षा झालेला माणूस या आयोगाकडे अर्ज करतो, आयोग कागदपत्रं मागवतो, तपास करतो आणि पटलं तर प्रकरण अपिलाला पाठवतो. कबुली आड येत नाही. अर्थात इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. हॅमिल्टनना तेरा वर्षं लागली, आणि निर्दोष ठरण्याआधीच वारलेले लोकही यात आहेत.

आपल्याकडे काय आहे? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७५ सांगायचं की आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्यावरून तो दोषी ठरला, तर दोषसिद्धीविरुद्ध, म्हणजे दोषी ठरवल्याविरुद्ध, अपील नाही. शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच अपील. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि तीच तरतूद कलम ४१६ म्हणून जशीच्या तशी पुढे आली. नवा पुरावा घ्यायचा अधिकार अपील न्यायालयाला आहे, पण अपीलच नसेल तर तो अधिकार वापरायचा कुठे? उच्च न्यायालयात पुनरीक्षण (खालच्या कोर्टाच्या निकालाची फेरतपासणी) किंवा रिट (उच्च न्यायालयाच्या खास अधिकारातला आदेश) हा मार्ग उरतो. त्यात हक्काने मागण्यासारखं थोडं, न्यायालयाच्या विवेकावर सोपवलेलं जास्त.

ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, असं दार उघडलं तर प्रत्येक जण कबुली फिरवेल आणि कोर्टं तुंबतील. चिंता खोटी नाही. पण कबुलीनंतरही अपील मिळावं ही माझी मागणी नुसतं मन बदललेल्यासाठी नाहीच. कबुलीच्या वेळी आरोपीच्या हाती नसलेला, खटल्याचा पायाच हलवणारा पुरावा समोर आला, तरच अपील, एवढी अट कलम ४१६ मध्ये घालता येते.

आणि माणूस कबूल का करतो, हे कोकणात कुणाला सांगायला हवं? तारखेला तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. वकिलाची फी असते. वाडीत तोंड दाखवायची लाज असते. "कबूल कर, दंड भर, मोकळा हो" हा सल्ला शेजारपाजारचे प्रेमानेच देतात. कबुली आली तरी दोषी ठरवायचं की नाही हे मॅजिस्ट्रेटने स्वतः ठरवायचं असतं, ही मुभा कायद्यातच आहे. ती वापरून "पैसे तुम्ही घेतले का?" एवढं जरी विचारलं गेलं असतं, तर या माणसाचं उत्तर "नाही" असं आलं असतं, अशी माझी खात्री आहे. त्याच्या मनाने त्याने फक्त तूट कबूल केली होती. चोरी त्याने कधीच कबूल केली नव्हती.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्याकडे आहे. मुंबई गाठायची गरज नाही, अणुस्कुरा घाट चढला की झालं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पावत्या आहेतच, पण त्यांना जोड हवी ती खातेदारांकडच्या पिग्मी पुस्तकांची, कारण त्यांतल्या तारखा आणि रकमा त्या पावत्यांशी जुळवून दाखवता येतील. ग्रुपवरच्या निम्म्या घरांनी त्याच्याकडे पैसे भरले होते. ती पुस्तकं शोधा, झेरॉक्स काढा आणि या महिनाअखेरीपर्यंत त्याच्या भावाकडे नेऊन द्या.