भीतीचे बटण आणि ठिबकची नळी

रावेर-यावल भागातल्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे: मेंदूत बदामाएवढे भीतीचे बटण असते, धोका कोणता आणि सुरक्षित काय हे तेच ठरवते, आणि २१ दिवस भीतीला सामोरे गेले की ती कायमची पुसली जाते. लोक हे मुलांवर वापरतील, म्हणून उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले म्हणजे ते बटण नव्हे. मजकुरातला बदामाएवढा भाग म्हणजे अमिग्डाला; ते डावी-उजवीकडे असे दोन असतात आणि त्यांतील पेशी बक्षिसाच्या खुणेलाही प्रतिसाद देतात. शिवाय २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही अमिग्डाला निकामी झालेल्या तीन स्त्रियांना कार्बन डायऑक्साइडयुक्त हवा हुंगायला दिली, तेव्हा त्या घाबरून गेल्या; म्हणजे अमिग्डालाशिवायही भीती वाटू शकते.

धोका कोणता हे एकटा अमिग्डाला ठरवतो, हे तर आपल्या रोजच्या अनुभवालाही धरून नाही. रात्रीची लाइट आली म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन केळीच्या बागेत शिरतो, वाळलेल्या पानांत काळे वळण दिसते आणि पाय जागीच थबकतो. पण पुढच्याच क्षणी त्या वळणावरून टपकणारा थेंब दिसला की ती ठिबकची नळी आहे हे कळते आणि पाऊल पुढे पडते. तीच नळी घराच्या ओसरीत गुंडाळून ठेवलेली असेल तर कुणी दचकत नाही, कारण जागेचा संदर्भ हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींशी निगडित भाग पुरवतो आणि 'आता धोका नाही' हा निर्वाळा मिळाल्यावर कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग शरीराला शांत करण्यास मदत करतो. म्हणजे सुरक्षितता ही भीतीची नुसती गैरहजेरी नसते. तिच्या खुणाही मेंदूला वेगळ्या शिकाव्या लागतात.

राहिला पुसण्याचा दावा, आणि मला तोच सर्वांत घातक वाटतो. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या कुत्र्यांना घंटेमागून अन्न मिळत गेल्याने नुसत्या घंटेनेही लाळ सुटू लागली होती; घंटेमागून अन्न येणे बंद केल्यावर ती थांबली, पण काही काळ गेल्यावर तीच घंटा वाजताच ती पुन्हा सुटली. भीतीचेही तसेच होते: जुनी आठवण बहुधा तशीच राहते, तिच्यावर नवी आठवण बसते, आणि ही नवी आठवण जिथे शिकली त्या जागेशी बांधलेली असते. म्हणून साप दिसल्यापासून धास्तावलेले मूल अंगणात निर्धास्त झाले, तरी बागेत पुन्हा रडू शकते; त्यात त्याचा हट्ट नसतो आणि २१ या आकड्यालाही काही अर्थ उरत नाही. जाणकार समुपदेशक मुलाच्या कलाने, टप्प्याटप्प्याने जातात आणि सराव अंगणाबरोबरच बांधावर, बागेत, दिवसा आणि संध्याकाळीही करून घेतात.